देवळालीचा धमाका आणि आर्मेनियाची फौज

अंबडचा_फिटर (धागा काढणारा)

काल सकाळी पुन्हा फळीवरचे डबे वाजले. भगूर, लॅम रोडकडच्या मंडळींना यात नवीन काहीच नाही. देवळालीच्या तोफखान्याच्या रेंजवर फायरिंग असलं की आमच्याकडे आधी मांजर पलंगाखाली जातं, मग खिडकीची तावदानं थरथरतात, मग आई म्हणते, "चालू झालं बाई." यंदा बेडरूमच्या काचेला कोपऱ्यात बारीक तडा दिसतोय. तो तोफेने गेला की पोराच्या बॉलने, यावर घरात दोन पक्ष पडलेत.

पण धागा त्यासाठी नाही. चौथीतल्या चिरंजीवांनी विचारलं, "पप्पा, या तोफा आपण कोणाला विकतो का?" म्हटलं, हो, आर्मेनियाला. "तो कुठेय?" इथे माझी गाडी अडली. मग दोन रात्री बसून वाचलं. जे सापडलं ते लिहितो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

देश केवढा? २९,७४३ चौ. किमी. आपला नाशिक जिल्हा १५,५३० चौ. किमी. म्हणजे दोन नाशिक जिल्हे शेजारी मांडले की झाला आर्मेनिया. माणसं मात्र तीस लाखांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात २०११ लाच एकसष्ट लाख होती. समुद्र नाही. पश्चिमेला तुर्कस्तान, पूर्वेला अझरबैजान, दोन्ही सीमा वर्षानुवर्षं बंद. माल यायचा तर उत्तरेकडून जॉर्जियामार्गे, नाहीतर दक्षिणेकडून इराणमार्गे.

२७ सप्टेंबर २०२० ला नागोर्नो-काराबाख या वादातल्या डोंगरी भागावरून अझरबैजानशी युद्ध पेटलं, ४४ दिवस चाललं, आणि आर्मेनिया हरला. तोवरची त्यांची सगळी फौज सोव्हिएत वळणाची: टी-७२ रणगाडे, बीएमपी (पायदळाच्या चिलखती गाड्या), १५२ मिमीच्या डी-२० आणि १२२ मिमीच्या डी-३० तोफा, ग्रॅड रॉकेटं. वरून तुर्की बायरक्तार ड्रोन आणि इस्रायली हारोप (आत्मघाती ड्रोन) आले आणि खंदकात उभे रणगाडे एकेक करून टिपले गेले. फोटोंवरून मोजणी करणाऱ्यांनी दोनशेहून जास्त टी-७२ गेल्याचं नोंदवलंय, आणि त्यातले बरेच तर शाबूत शत्रूच्या हाती लागले.

त्यानंतरची खरेदी बघा. भारताकडून स्वाती रडार (हा सौदा २०२० चा), मग पिनाका रॉकेटं, मग १५५ मिमीच्या अटॅग्स तोफा, मग आकाश क्षेपणास्त्रं. फ्रान्सकडून जीएम-२०० रडार, मिस्त्राल क्षेपणास्त्रं, बॅस्टियन चिलखती गाड्या आणि २०२४ च्या जूनमध्ये ३६ सीझर तोफा.

माझा प्रश्न साधा आहे. एवढं सगळं आणलं म्हणजे फौज आधुनिक झाली का? आमच्या शॉपमध्ये नवीन सीएनसी मशीन आणलं तेव्हा पहिले सहा महिने उत्पादन निम्म्यावर आलं होतं, म्हणून विचारतोय.

---

सिडको_बॉय

भारी धागा दादा 🔥 पिनाका म्हणजे ब्रह्मोसचीच छोटी बहीण ना? एक सोडला की विषय संपला!

---

पाषाणकर

@सिडको_बॉय, नाही हो. ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र. पिनाका हे २१४ मिमी व्यासाचं तोफखान्याचं रॉकेट. एका लाँचरवर बारा नळ्या. पहिल्या आवृत्तीचा पल्ला चाळीस किमीच्या आत, नंतरच्या मार्गदर्शित रॉकेटांचा ७५ किमीपर्यंत. पिनाका आणि अटॅग्स दोन्ही आमच्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलं, म्हणून कॉलर थोडी ताठ करतो. अटॅग्स बनवतात भारत फोर्ज आणि टाटा. आपल्या स्वतःच्या सैन्याने ३०७ अटॅग्सचा करार २०२५ च्या मार्चमध्ये केला, आर्मेनियात त्याआधीच पोचल्या होत्या. पाहुण्यांना आधी वाढलं, घरचे मागाहून बसले.

---

तोफखान्याचे_काका

फिटरसाहेब, तुमच्या शेवटच्या ओळीत उत्तर आहे. तरी लिहितो. चोवीस वर्षं तोफखान्यात काढली, आता नाशिकरोडला नातू सांभाळतो.

आमची रेजिमेंट आधी ग्रॅडवर होती, नंतर पिनाकावर आलो. लोकांना वाटतं, जुना लाँचर परत करायचा, नवा घ्यायचा, सही केली की झालं. तसं नसतं.

ग्रॅडचं रॉकेट दोन गडी खांद्यावर घेऊन नळीत सारतात. साठ-पासष्ट किलोचं असतं, अंगात रग असली की जमतं. पिनाकाचं एक रॉकेट २७६ किलोचं. ते हाताने भरायचं नावच नको. सहा-सहा रॉकेटांचे पॉड येतात, क्रेनने चढतात. म्हणजे लाँचरबरोबर क्रेनवाली गाडी आली, तिचा ऑपरेटर आला, हायड्रॉलिकचा मेकॅनिक आला. पिनाकाच्या एका बॅटरीत, म्हणजे तुकडीत, लाँचर सहाच. त्यांच्यामागे सहा लोडर गाड्या, तीन साठा वाहणाऱ्या, दोन कमांड पोस्ट, शिवाय हवामान मोजणारं रडार. सहा तोंडांना खाऊ घालायला दुप्पट गाड्या! पेपरात फोटो लाँचरचाच येतो. बाकीच्यांना कोण विचारतो?

सहा लाँचर ४४ सेकंदांत ७२ रॉकेटं सोडतात. (४४ दिवसांचं युद्ध आणि ४४ सेकंदांचा सॅल्व्हो, म्हणजे एकदम सोडलेला मारा, हा आपला योगायोग.) पण आमचे उस्ताद म्हणायचे, पंचेचाळिसावा सेकंद महत्त्वाचा. कारण तोवर समोरच्याच्या रडारने तुमची रॉकेटं बघितलेली असतात. जागा सोडली नाही तर तुम्हीच टार्गेट. फायर करायला महिनाभरात शिकता येतं. फायर करून अंधारात, दिवे बंद ठेवून, वीस गाड्या दुसऱ्या पोझिशनवर नेऊन पुन्हा सर्व्हे करून तयार होणं, हे शिकायला आम्हाला दोन सीझन लागले. आणि आमच्या मागे देवळालीसारखं तोफखान्याचं स्कूल होतं.

आर्मेनियाकडे नेमकं याचंच दुखणं आहे. लाँचर विकत मिळतात, उस्ताद विकत मिळत नाहीत.

एक गंमत सांगतो. आमच्या वेळचा टाट्रा ट्रक डाव्या स्टेअरिंगचा. आपल्या ड्रायव्हरला ओव्हरटेक करताना शेजारच्याला विचारावं लागायचं, "येतंय का रे काही?" आर्मेनियात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याला जे डोकेदुखी होतं ते त्यांना सोयीचं पडेल.

---

निफाडचा_शेतकरी

काका, एक नंबर. आमच्याकडे पण तसंच. फवारणीचा ब्लोअर घेतला, ट्रॅक्टरचा एचपी कमी पडला, मग ट्रॅक्टर घेतला, मग ट्रेलरची हुक बसेना.

---

अंबडचा_फिटर

@काका, हेच हवं होतं. आता दुसरी शंका. त्यांच्या जुन्या तोफा १५२ मिमी, नवीन १५५ मिमी. फरक तीनच मिमीचा. बाहेरच्या माणसाला वाटेल चालवून घेता येईल. आमच्या धंद्यात तीन मिमी म्हणजे डोंगर, आम्ही मायक्रॉनवर भांडतो. मग त्यांनी दोन्ही तऱ्हेचे गोळे ठेवायचे का?

---

तोफखान्याचे_काका

ठेवायचेच. दुसरा इलाज नाही. १५२ चा गोळा १५५ च्या बॅरलमध्ये ढिला बसणार, गॅस बाजूने निसटणार, नेम लागणारच नाही. उलट केलं तर आत जाणारच नाही. म्हणजे डेपो दोन, चार्ज (गोळा ढकलणारी दारू) दोन तऱ्हेचे, फायरिंग टेबल (किती कोनाला गोळा किती लांब जातो त्याचे तक्ते) दोन, ट्रेनिंग दोन. लढाईच्या रात्री घाईत ट्रक चुकीच्या बॅटरीकडे गेला तर तो गोळा म्हणजे नुसता दगड.

पण त्यांची निवड मला शहाणपणाची वाटते. अटॅग्स १५५, फ्रान्सची सीझरही १५५, दोन्ही ५२ कॅलिबर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ५२ कॅलिबर म्हणजे बॅरलची लांबी तोंडाच्या व्यासाच्या ५२ पट. १५५ मिमी गुणिले ५२, आठ मीटरहून थोडी जास्त. आमची बोफोर्स ३९ कॅलिबरची, साधारण सहा मीटर. बॅरल लांब असला की गॅसला ढकलायला जागा जास्त मिळते, गोळा लांब जातो. त्यांच्या जुन्या डी-२० चा पल्ला सतरा किमीच्या आसपास. अटॅग्सने चाचण्यांत ४८ किमी गाठलेत.

दोन देशांकडून घेतलेल्या तोफांना गोळा एकाच मापाचा लागत असेल तर एकाने हात आखडला तरी दुसऱ्याकडून मागवता येतो. आधीचा अनुभव कडू आहे त्यांचा. रशियाला पैसे देऊनही माल आला नाही, हे त्यांच्या पंतप्रधानांनी, पाशिनयान यांनी, चारचौघांत बोलून दाखवलंय.

---

पाषाणकर

कॅलिबरवरून आठवलं. भारत फोर्जच्या कल्याणींनी २०२२ च्या नोव्हेंबरात १५.५५ कोटी डॉलरची तोफांची निर्यात ऑर्डर जाहीर केली होती. ग्राहकाचं नाव सांगितलं नाही, "संघर्षग्रस्त नसलेला भाग" एवढंच म्हटलं. तेव्हा लोकांनी आर्मेनियाचं नाव घेतलं, काहींनी आणखी कोणाकोणाचं. मी त्यात पडत नाही.

मला स्वतःला डोंगराळ देशासाठी ओढायच्या तोफेपेक्षा ट्रकवरची तोफ बरी वाटते. अटॅग्स अठरा टनांच्या घरातली. घाटात वळणावर ती ओढणाऱ्या ट्रकसकट उलटी फिरवायची म्हणजे कसाऱ्याला कंटेनर अडकल्यावर जे होतं तेच. सीझर ट्रकवरच बसलेली, थांबली, मारलं, निघाली.

---

तोफखान्याचे_काका

पाषाणकर, इथे थोडं भांडतो. ट्रकवरची तोफ पळायला चांगली, कबूल. पण ट्रकचं इंजिन बसलं तर तोफ पण बसली. ओढायच्या तोफेला ट्रक बदलता येतो. आणि ड्रोनच्या काळात खड्ड्यात पुरून, जाळी टाकून लपवायला ओढायची तोफ सोपी. खाली बुटकी असते. युक्रेनमध्ये दोन्ही चालल्यात.

डोंगराचं खरं दुखणं वेगळंच. आर्मेनियाची सरासरी उंची १,८०० मीटरच्या आसपास आहे. साल्हेर, आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, १,५६७ मीटर. म्हणजे त्यांची जमीनच सरासरीने साल्हेरच्या माथ्याच्याही वर आहे. तिथे हवा विरळ. गोळ्याला अडवणारी हवा कमी म्हणून तो टेबलात लिहिल्यापेक्षा लांब जातो. कारगिलला आपल्याकडे हाच प्रकार झाला, आधीची टेबलं तिथे जशीच्या तशी लागू पडेनात. म्हणून दर काही तासांनी हवेचं मोजमाप घ्यायचं, वारा, तापमान, दाब, वेगवेगळ्या उंचीवरचं, आणि ते गणितात घालायचं. हे काम करणाऱ्या पोरांचा फोटो कधीच छापून येत नाही. पण फौज नवी झाली की नाही हे बघायचं असेल तर मी लाँचर बघणार नाही. मेट सेक्शन, म्हणजे हीच पोरं, बघेन.

---

ओझरकर

उशिरा आलो. विमान कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, सुखोईच्या लाइनवर.

आर्मेनियाने २०१९ च्या डिसेंबरात चार सुखोई-३०एसएम घेतली. आपल्या सुखोई-३० एमकेआयची सख्खी भावंडंच म्हणा. पुढच्याच वर्षी युद्ध झालं. चारही जमिनीवर. का? तर विमानांबरोबर क्षेपणास्त्रंच आली नव्हती. हे पंतप्रधानांनी स्वतः नंतर कबूल केलं. नवरदेव घोड्यावर आणि वरात अजून घरातच, असा तो प्रकार.

समोरच्याने काय केलं? अंतोनोव्ह-२, एकावर एक दुहेरी पंखांची जुनी खटारा विमानं, फवारणीला वापरायची ती, रिमोटवर उडवून पुढे पाठवली. आर्मेनियाच्या रडारने ती धरली, क्षेपणास्त्रं सुटली, आणि रडार कुठे बसलंय ते वरच्या ड्रोनला कळलं. भंगारातलं विमान देऊन शत्रूचं हवाई संरक्षण उघडं पाडलं. आम्ही कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत यावर आठवडाभर बोलत होतो. कोणी म्हणायचं कपट, कोणी म्हणायचं हुशारी. आमचा एक वेल्डर म्हणाला, "याला जुन्या मालाची कदर म्हणतात."

---

सिडको_बॉय

ओझरकर काका 😂 वेल्डरदादांना सलाम.

मग आकाश घेऊन काय फायदा? ड्रोन छोटे, आकाश महाग. डासाला कुऱ्हाड?

---

ओझरकर

प्रश्न बरोबर आहे रे पोरा. आकाशचा पल्ला पंचवीस किमी, तो विमानं, हेलिकॉप्टर, मोठे ड्रोन यांच्यासाठी. बायरक्तार त्यात बसतं. खाली घोंघावणाऱ्या छोट्यांसाठी जॅमर लागतात, विमानभेदी गन लागतात, खांद्यावरची क्षेपणास्त्रं लागतात, मिस्त्राल त्यासाठीच. आणि जीएम-२०० रडार आधी बघणार, तेव्हा बाकीचे मारणार. आता अडचण ही की रडार फ्रेंच, क्षेपणास्त्र भारतीय, खालच्या गन सोव्हिएत. या तिघांना एका भाषेत बोलायला लावणं हे काम अजून कुठल्या कॅटलॉगात मिळत नाही. आकाश बाहेर विकत घेणारा आर्मेनिया पहिलाच देश, म्हणजे विचारायला दुसरा कोणी अनुभवी गिऱ्हाईकही नाही.

---

कॉलेजरोड_ताई

मी एरवी फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असते. पण माझी मुलगी येरेवानला एमबीबीएसला आहे, तिसरं वर्ष. म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तुम्ही सगळे मिमी आणि किमी मोजताय. मी २०२२ च्या सप्टेंबरातल्या त्या दोन रात्री अजून विसरले नाही. लेक तेव्हा तिथे नव्हती, प्रवेशाची तयारी चालली होती. आर्मेनियातल्या जेर्मुक गावावर गोळे पडल्याच्या बातम्या आल्या आणि घरात वाद झाला, पाठवायचं की नाही. शेवटी पाठवली. २०२३ च्या सप्टेंबरात ती तिथेच होती. एका दिवसात काराबाख गेलं, आणि मग लाखभर माणसं गाड्यांवर गाद्या बांधून आर्मेनियात आली. तिच्या कॉलेजची मुलं कपडे, औषधं गोळा करत होती. हिने आपली पुरणपोळीसाठी नेलेली डाळ देऊन टाकली. तिकडच्या बायकांना ती कशी शिजवायची माहीत नव्हतं, तेही तिनेच शिकवलं म्हणे.

ती सांगते, तिथे मुलांना सैन्यात जावंच लागतं. तिच्या वर्गातला एक मुलगा २०२० ला अठरा वर्षांचा होता. तो त्यावर कधी बोलत नाही.

आणि हो, तिथे रिक्षावाले (टॅक्सीवाले म्हणते मी) भारतीय मुलं दिसली की "पिनाका, पिनाका" करतात. तिला आधी वाटायचं शंकराचं नाव घेतायत.

---

तोफखान्याचे_काका

ताई, शंकराचं धनुष्यच ते. तुमच्या लेकीचं काही चुकलं नाही.

---

निफाडचा_शेतकरी

ताईंचं वाचून जरा गप्प बसलो. मला एकच विचारायचंय. २०२५ च्या ऑगस्टात वॉशिंग्टनला आर्मेनिया आणि अझरबैजानने तहाच्या मसुद्यावर सह्या केल्याचं वाचलं. मग एवढा पैसा तोफांत घालायचा कशाला? छोटा देश, द्राक्षं पिकवतो म्हणे आपल्यासारखी. तिथल्या अरेनीच्या गुहेत सहा हजार वर्षांपूर्वीची वाइनची भट्टी सापडलीय. सहा हजार! आणि आपण गंगापूर धरणाजवळ चार वाइनरी काढून राजधानी म्हणवतो.

---

पाषाणकर

त्या मसुद्यावर नुसती आद्याक्षरं झालीत, अंतिम करार व्हायचाय. अझरबैजान एक कोटीचा देश, तेल आणि गॅसचा पैसा आहे, तुर्कस्तान आणि इस्रायलकडून खरेदी थांबलेली नाही. समोरचा घेत असताना आपण थांबायचं हे बोलायला सोपं. शिवाय त्यांनी घेतलेलं बघा: स्वाती रडार समोरून आलेला गोळा हवेत पकडतं आणि मागे गणित करून तो कुठून सुटला ते सांगतं. कारगिलला आपल्याकडे तशी रडारं नव्हती, त्याची किंमत आपण मोजली. आकाश, जीएम-२००, मिस्त्राल ही अडवायची शस्त्रं. मारायची म्हणाल तर पिनाका आणि तोफा. आक्रमणाला निघालेला देश आधी पूल बांधायच्या गाड्या आणि रणगाडे घेतो.

---

निफाडचा_शेतकरी

हे पटलं अर्धं. ७५ किमी जाणारं रॉकेट "अडवायचं" कसं म्हणायचं, ते अर्धं राहिलं.

---

पाषाणकर

राहू द्या. मलाही ते पूर्ण पटवता येणार नाही.

---

अंबडचा_फिटर

गाड्यांबद्दल कोणी फारसं बोललं नाही. फ्रान्सच्या २४ बॅस्टियन २०२३ च्या नोव्हेंबरात जॉर्जियामार्गे पोचल्या. चाकांवरची चिलखती गाडी, दहाएक माणसं बसतात. सोव्हिएत बीएमपी पट्ट्यावर चालते. काका, पट्टा बरा की चाक?

---

तोफखान्याचे_काका

मी गनर, पायदळाचं पायदळाने बोलावं. तरी ढोबळ सांगतो. चिखलात, बर्फात, चढणीला पट्टा. रस्त्यावर लांब आणि लवकर जायचं तर चाक. पट्टा डिझेल पितो आणि दर काही हजार किमीला बदलायला लागतो. त्यांच्याकडे उत्तर-दक्षिण जाणारा मुख्य रस्ता एकच, सगळा घाट. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात रात्रीत माणसं न्यायची तर चाकच. पण बॅस्टियन ही लढाईत पुढे घुसायची गाडी नाही, माणसं सुरक्षित पोचवायची गाडी आहे. ती बीएमपीच्या जागी वापरली तर मुलं मरतील.

---

सिडको_बॉय

विषय सोडून: बहुला किल्ल्यावर रविवारी जायचंय. रेंजमध्ये येतो ना तो? परवानगी कोणाकडून?

---

ओझरकर

@सिडको_बॉय, आंबेबहुल्याच्या गावकऱ्यांना विचार आणि फायरिंगचा दिवस टाळ. लाल झेंडा दिसला तर मुकाट्याने माघारी फिर. आणि जमिनीवर पडलेलं काहीही उचलू नको, भंगार म्हणून पण नाही. आमच्या वेल्डरचं ऐकू नको या बाबतीत.

---

कॉलेजरोड_ताई

लेकीला धागा पाठवला. ती म्हणाली, "आई, काकांना सांग, इथे टॅक्सीवाले विचारतात, तुमच्या गावात तोफा शिकवतात का? मी हो म्हटलं तर भाडं घेत नाहीत." मी तिला म्हटलं, भाडं दे.

---

तोफखान्याचे_काका

बरोबर सांगितलंत ताई.

फिटरसाहेब, काचेचं राहिलंच. उद्या आणि परवा पुन्हा फायरिंग दिसतंय. खिडक्या घट्ट लावू नका, बोटभर उघड्या ठेवा. धक्का आत-बाहेर सारखा होतो, काच तडकायचा धोका कमी. आम्ही क्वार्टरमध्ये हेच करायचो. पुट्टी सुटली असेल तर तीही भरून घ्या.

---

अंबडचा_फिटर

ठेवल्या उघड्या. तडा वाढलेला नाही. शेजारच्यांचं मांजरही आमच्या पलंगाखाली आलंय, आता दोन झाली.